प्रखर प्रकाशापुढे अणू : एका शोधाचा इतिहास आणि त्यातील आपला वाटा

प्रकाश आणि पदार्थ यांचे नाते मानवाला फार पूर्वीपासून परिचित आहे. उन्हात वाळत घातलेल्या वस्त्राचा रंग विटतो, पानापानांत अन्न तयार होते, अंधारात चाचपडणाऱ्या डोळ्याला दिव्याच्या ज्योतीने दिसू लागते. या सर्व व्यवहारांत प्रकाश पदार्थावर काही ना काही परिणाम करतोच. परंतु तो परिणाम संयमी असतो. अणूच्या आत केंद्रक आणि इलेक्ट्रॉन यांना बांधून ठेवणारे जे प्रचंड विद्युतबल आहे, त्यापुढे सूर्यप्रकाशाचे बल अगदीच नगण्य ठरते. मग प्रकाशच इतका प्रखर केला, की त्याचे बल अणूच्या अंतर्गत बलाशी बरोबरी करू लागले, तर अणू कसा वागेल? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भौतिकशास्त्रज्ञांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्याच्या उत्तराचा इतिहास गॉटिंगेन, मॉस्को, पॅरिस आणि रॉचेस्टर येथून जातो, तसाच तो ट्रॉम्बे, कुलाबा आणि इंदूर येथूनही जातो. आपल्या शेजारच्या सागर शहरात जन्मलेल्या एका मराठी शास्त्रज्ञाचे नावही त्यात आदराने घ्यावे लागते.

एकेका कणाचा व्यवहार

या इतिहासाचा आरंभ १९०५ मध्ये होतो. प्रकाश हा ऊर्जेच्या सुट्या सुट्या पुड्यांनी बनलेला आहे आणि पदार्थ त्या पुड्या अखंडपणेच स्वीकारतो, असे अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी त्या वर्षी मांडले. या पुड्यांना पुढे ‘फोटॉन’ हे नाव मिळाले. फोटॉनची ऊर्जा प्रकाशाच्या रंगावर अवलंबून असते. तांबड्या प्रकाशाचा फोटॉन अल्प ऊर्जेचा, तर जांभळ्याचा अधिक ऊर्जेचा असतो. अणूतून इलेक्ट्रॉन सुटायचा असेल, तर त्याला आवश्यक तेवढी ऊर्जा एकाच फोटॉनकडून मिळाली पाहिजे, हा त्या काळी सार्वत्रिक नियम समजला गेला.

बाजारातील साध्या व्यवहाराने हा नियम समजून घेता येईल. एखादी वस्तू बारा रुपयांची आहे आणि प्रत्येक ग्राहकाजवळ दोन रुपयांहून थोडे कमीच पैसे आहेत, अशी कल्पना करावी. ग्राहक एकेकटे येत राहिले, तर दिवसभर रांग लागूनही ती वस्तू विकली जाणार नाही. सामान्य प्रकाशात अणूची स्थिती नेमकी अशी असते. दिवा कितीही वेळ लावून ठेवला, तरी कमी ऊर्जेचे फोटॉन एकेकटे येतात आणि हात हलवत परत जातात. परंतु सात ग्राहकांनी एकाच क्षणी आपापले पैसे एकत्र ठेवले तर? हा विचार प्रथम शास्त्रशुद्ध गणिताने मांडला तो एका तरुण विद्यार्थिनीने.

मारिया गॉपर्ट-मेयर यांनी गॉटिंगेन येथे माक्स बोर्न यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहिला आणि १९३१ मध्ये तो सविस्तर प्रसिद्ध झाला. अणू एकाच वेळी दोन फोटॉन शोषू शकतो, असे त्यांनी सिद्ध केले. मात्र ही शक्यता इतकी अल्प होती, की ती प्रयोगाने दाखविण्याजोगा प्रकाश त्या काळी पृथ्वीवर कोणाजवळही नव्हता. प्रबंधातील निष्कर्ष तीस वर्षे कागदावरच राहिला. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेली प्रतीक्षाही अशीच दीर्घ होती. अमेरिकेत पतीला विद्यापीठात नोकरी असल्यामुळे त्यांना वेतनाची जागा नाकारण्यात आली आणि त्यांनी अनेक वर्षे विनावेतन संशोधन केले. वेतनासह पूर्ण प्राध्यापकपद त्यांना १९६० मध्ये मिळाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, अणुकेंद्रकाच्या रचनेवरील कार्यासाठी, त्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी ठरल्या.

भारतातील पहिली पावले

प्रकाश व पदार्थ यांच्या अभ्यासात भारताने आपले स्थान १९२८ मध्येच निर्माण केले होते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात आपला सुप्रसिद्ध शोध जाहीर केला. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग बदलून बाहेर पडतो, असे त्यांनी दाखविले. हा शोध सौम्य प्रकाशाच्या साहाय्याने लागला होता; त्यासाठी सूर्यकिरण आणि पाऱ्याच्या वाफेचा दिवा ही साधने पुरेशी ठरली.

रामन पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. १९३३ मध्ये त्यांच्याकडे एका मराठी तरुणीचा अर्ज आला. इंदूर येथे जन्मलेल्या कमला भागवत या मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत प्रथम आल्या होत्या. त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हा निर्णय मुकाट्याने मान्य केला नाही. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग स्वीकारला आणि अखेर अटींवर का होईना, प्रवेश मिळविला. त्यांचे काम पाहून संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींनाही उघडली. कमलाबाई, म्हणजेच पुढील कमला सोहोनी, यांनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. त्यांचा विषय जीवरसायनशास्त्र होता. प्रकाश आणि अणू हा नव्हता. तरीही या इतिहासात त्यांचा उल्लेख आवश्यक आहे. विज्ञानाची प्रगती उपकरणांवर अवलंबून असते, तशीच प्रयोगशाळेचे दार कोणासाठी उघडे आहे यावरही ती अवलंबून असते.

लेसरचा उदय

उत्तेजित अणूजवळून योग्य ऊर्जेचा फोटॉन गेला, तर अणू तसाच दुसरा फोटॉन बाहेर टाकतो, हे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्येच सांगितले होते. हे दोन्ही फोटॉन एकाच रंगाचे, एकाच दिशेचे आणि एकाच तालावर चालणारे असतात. या तत्त्वावर आधारलेला पहिला लेसर थिओडोर मायमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात कार्यान्वित केला. कृत्रिम माणकाची एक लहानशी कांडी आणि तिच्याभोवती छायाचित्रणासाठी वापरतात तसा चमकदार दिवा, एवढाच त्याचा पसारा होता. त्यातून तांबड्या प्रकाशाचा स्पंद निघाला. गर्दीतील माणसे मन मानेल तशी चालतात. कवायतीतील तुकडी एका पावलाने चालते. सामान्य दिवा आणि लेसर यांच्या प्रकाशात हाच भेद आहे.

अल्पावधीतच या नव्या प्रकाशाने जुने नियम अपुरे ठरविले. १९६१ मध्ये पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठविला. ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाबरोबर नेमक्या निम्म्या, म्हणजे ३४७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य जंबुपार प्रकाशही बाहेर आला. दोन फोटॉनांचा मिळून एक झाला होता. प्रकाशपट्टीवर त्या नव्या प्रकाशाचा ठिपका इतका फिकट होता, की छपाईच्या वेळी तो कागदावरील डाग समजून पुसला गेला. मूळ शोधच ज्यातून गायब झाला आहे असे चित्र त्या निबंधासोबत छापले गेले! त्याच वर्षी गॉपर्ट-मेयर यांचे तीस वर्षांपूर्वीचे भाकीतही एका स्फटिकात प्रत्यक्ष सिद्ध झाले.

यानंतर शास्त्रज्ञांचे लक्ष सुट्या अणूंकडे वळले. झेनॉन वायूच्या अणूतून इलेक्ट्रॉन मुक्त करण्यास सुमारे १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, तर माणकाच्या लेसरचा एक फोटॉन जेमतेम १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतो. १९६५ मध्ये मॉस्को येथे वोरोनोव आणि देलोने यांनी याच लेसरने झेनॉनचे आयनीभवन घडवून दाखविले. सात फोटॉनांनी एकाच वेळी आपली ऊर्जा एका इलेक्ट्रॉनला दिली होती. सात ग्राहकांनी एकदम पैसे ठेवल्याचा हा प्रत्यक्ष दाखला होय.

त्याच सुमारास रशियन शास्त्रज्ञ लिओनिद केल्दिश यांनी या घटनेचा दुसरा पैलू उलगडला. इलेक्ट्रॉन हा अणूच्या आत जणू खोल घागरीतील पाण्याप्रमाणे असतो. प्रकाश सौम्य असेल, तर घागर किंचित डोलते. प्रकाश अतिप्रखर असेल, तर त्याचे विद्युतक्षेत्र घागरीलाच एका बाजूस कलंडविते, तिची कड खाली येते आणि इलेक्ट्रॉन त्या कडेतून निसटतो. पुंजभौतिकीत याला ‘सुरंग प्रक्रिया’ म्हणतात. फोटॉन मोजण्याची भाषा आणि कलंडणाऱ्या घागरीची भाषा या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे केल्दिश यांच्या सिद्धान्ताने स्पष्ट केले. १९७९ मध्ये फ्रान्समधील पियेर आगोस्तिनी यांच्या गटाने आणखी एक आश्चर्य नोंदविले. मुक्त होण्यास पुरेसे फोटॉन मिळाल्यानंतरही इलेक्ट्रॉन अधिक फोटॉन शोषतच राहतो. किंमत चुकती झाल्यावरही ग्राहक पैसे देत राहावेत, असा हा अजब व्यवहार होता.

सागर, ट्रॉम्बे आणि इंदूर

भारतातील लेसर संशोधनाचा आरंभ मुंबईजवळील ट्रॉम्बे येथे १९६० च्या दशकातच झाला. लेसरचा शोध लागून अवघी काही वर्षे झाली असताना तेथील अणुसंशोधन केंद्रात अर्धवाहक लेसर तयार झाला. या कार्याला ज्यांनी दीर्घकाळ दिशा दिली, त्यांत दिलीप देविदास भवाळकर यांचे स्थान अग्रभागी आहे.

भवाळकर यांचा जन्म १९४० मध्ये सागर येथे झाला. सागर आणि जबलपूर ही दोन्ही नगरे अठराव्या शतकात मराठी सत्तेच्या प्रभावाखाली आली आणि तेव्हापासून या प्रदेशात मराठी कुटुंबांची वस्ती रुजली. सागरला आणखी एक भाग्य लाभले. हरिसिंह गौर यांनी १९४६ मध्ये तेथे विद्यापीठ स्थापन केले. महानगरांपासून दूर असलेल्या या भागातील मुलांना उच्च शिक्षणासाठी अनेकदा घरापासून दूर जावे लागे. सागर विद्यापीठाने ती अडचण पुष्कळ अंशी दूर केली. भवाळकर यांनी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी याच विद्यापीठातून घेतली. त्यानंतर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली. परदेशात स्थिरावणे त्यांना अवघड नव्हते. तरी ते मायदेशी परतून ट्रॉम्बे येथे रुजू झाले आणि पुढे तेथील लेसर विभागाचे प्रमुख झाले.

तो काळ सोपा नव्हता. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अणुऊर्जा विभागाच्या संस्थांना परदेशी तंत्रज्ञान मिळणे दुरापास्त झाले. लेसरसाठी लागणारे स्फटिक, आरसे, उच्च दाबाचे वीजपुरवठे, सूक्ष्म मापनयंत्रे या साऱ्यांबाबत परावलंबन धोक्याचे ठरू लागले. जे विकत मिळत नाही, ते येथेच घडविले पाहिजे, ही जाणीव दृढ झाली. या जाणिवेतूनच लेसर आणि कणत्वरक या दोन तंत्रज्ञानांना वाहिलेली स्वतंत्र संस्था मध्य प्रदेशात उभारण्याचा निर्णय झाला. इंदूर येथे १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. होळकरांच्या राजधानीतील सुखनिवास परिसरात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, १९८६ पासून ट्रॉम्बेतील शास्त्रज्ञ तेथे येऊ लागले आणि १९८७ मध्ये भवाळकर संस्थेचे संचालक झाले. १९८४ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, तर २००० मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. डिसेंबर २००५ मध्ये या संस्थेला राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. आजचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र ते हेच.

या संस्थेने शस्त्रक्रियेसाठी आणि उद्योगांसाठी लेसर घडविले, ‘इंडस’ नावाचे दोन सिंक्रोट्रॉन उभारले, आणि अणूवर अतिप्रखर प्रकाशाचा मारा करणारी प्रयोगशाळाही विकसित केली. या शेवटच्या कामासाठी लागणारी गुरुकिल्ली मात्र अमेरिकेतील रॉचेस्टर येथे सापडली होती.

एका विद्यार्थिनीची युक्ती

लेसरची प्रखरता वाढवीत नेताना १९७० च्या दशकात एक भिंत आडवी आली. प्रकाशाचा स्पंद फार बलवान झाला, की ज्या काचेतून किंवा स्फटिकातून तो वाढवायचा त्यालाच तो तडे पाडी. १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलँड या संशोधक विद्यार्थिनीने आपले मार्गदर्शक जेरार मूरू यांच्यासह यावर उपाय शोधला. तो तीन पायऱ्यांचा होता. प्रथम स्पंदाला काळात लांबवायचे, म्हणजे त्याचा जोर पसरून सौम्य होतो. मग त्या लांबलेल्या स्पंदाची ऊर्जा निर्धोकपणे वाढवायची. शेवटी त्याला पुन्हा आवळून मूळच्या इतका आखूड करायचा. नर्मदेचे विस्तीर्ण पात्र भेडाघाटजवळ संगमरवरी कड्यांच्या अरुंद फटीत शिरते, तेव्हा तेच पाणी किती जोरकस होते, हे या भागातील प्रत्येक मुलाने पाहिले आहे. येथे पाण्याच्या जागी प्रकाश आहे आणि पात्राच्या रुंदीच्या जागी काळाची लांबी आहे.

या युक्तीचे सामर्थ्य एका हिशेबाने लक्षात येईल. शंभर ग्रॅमचा पेरू एक मीटर उंच उचलण्यास सुमारे एक ज्यूल ऊर्जा लागते. हे काम एका सेकंदात केले, तर शक्ती एक वॅट. सेकंदाचे एक कोटी भाग करून त्यांतील एका भागाचे पुन्हा दहा कोटी भाग केले, तर होणारा काळ म्हणजे एक फेमटोसेकंद. तीच एक ज्यूल ऊर्जा १०० फेमटोसेकंदांत कोंबली, तर त्या क्षणाची शक्ती १० टेरावॅट, म्हणजे दहा लाख कोटी वॅट होते. देशातील सर्व वीजकेंद्रांच्या एकत्रित क्षमतेहून ही शक्ती कितीतरी पटींनी अधिक आहे. मात्र ती टिकते क्षणाच्या एका कल्पनातीत अंशापुरती. असा स्पंद केसाहूनही बारीक ठिपक्यावर एकवटला, की अणूला सामोरे जावे लागते ते अभूतपूर्व प्रकाशाला.

हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनवर दर सेंटिमीटरला सुमारे ५०० कोटी व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र कार्य करते. प्रकाशाच्या लाटेत तेवढेच क्षेत्र निर्माण व्हायचे, तर दर चौरस सेंटिमीटरवर ३५ च्या पुढे १५ शून्ये इतक्या वॅटची तीव्रता हवी. भर दुपारचे ऊन त्याच क्षेत्रफळावर सुमारे ०.१ वॅट इतकेच देते. स्ट्रिकलँड आणि मूरू यांच्या पद्धतीमुळे ही मर्यादा प्रयोगशाळेतील एका टेबलावर गाठता आली, आणि पुढे ओलांडताही आली. स्ट्रिकलँड यांचा प्रबंधही प्रखर लेसरने अणूंचे आयनीभवन कसे होते याच विषयावर होता. ज्या निबंधासाठी त्यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तो त्यांच्या आयुष्यातील पहिला शोधनिबंध होय.

तंबोऱ्याचे उपस्वर

१९८७ मध्ये फ्रान्समध्ये आन लुईलिए यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रखर अवरक्त प्रकाश निष्क्रिय वायूंतून पाठविला. अणूंनी त्या प्रकाशाला दिलेला प्रतिसाद संगीतासारखा होता. जुळलेल्या तंबोऱ्यावर खर्जाची तार छेडली असता मूळ षड्जाबरोबर त्याच्या तिप्पट कंपनसंख्येचा पंचम आणि पाचपट कंपनसंख्येचा गंधारही ऐकू येतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. अणूंमधूनही मूळ प्रकाशाच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटींचे ‘उपस्वर’ बाहेर पडले. आश्चर्य हे, की वरचे उपस्वर अपेक्षेप्रमाणे क्षीण होत गेले नाहीत. पुष्कळ अंतरापर्यंत ते सारख्याच जोमाने टिकून राहिले. आर्गॉन वायूत तेहतिसाव्या पटीपर्यंत ते मोजले गेले.

याचे सुबोध स्पष्टीकरण १९९३ मध्ये पॉल कॉर्कम यांनी दिले. प्रकाशाची लाट प्रथम इलेक्ट्रॉनला अणूतून उपटते. मग त्याला दूर ओढून नेते. लाटेची दिशा उलटताच त्याला परत फिरवून आपल्याच अणूवर आदळविते. किनाऱ्यावरून ओढून नेलेला ओंडका परतीच्या लाटेने त्याच किनाऱ्यावर येऊन आपटावा, तसा हा प्रकार आहे. आदळताना इलेक्ट्रॉनने वाटेत कमावलेली सर्व ऊर्जा एका उच्च ऊर्जेच्या फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते. प्रकाशाच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात ही घटना पुन्हा घडते. म्हणूनच बाहेर पडणारा प्रकाश अतिशय आखूड झटक्यांचा असतो.

हे झटके फेमटोसेकंदाहूनही लहान, म्हणजे अ‍ॅटोसेकंदाच्या पल्ल्यातील असतात. एक अ‍ॅटोसेकंद म्हणजे फेमटोसेकंदाचा हजारावा भाग. २००१ मध्ये आगोस्तिनी यांच्या गटाने २५० अ‍ॅटोसेकंदांच्या स्पंदांची मालिका, तर व्हिएन्ना येथे फेरेन्क क्राउस यांच्या गटाने ६५० अ‍ॅटोसेकंदांचा एकेरी स्पंद मोजला. इलेक्ट्रॉनच्या हालचालींचा वेध घेण्याइतकी जलद घडी मानवाच्या हाती आली. आगोस्तिनी, क्राउस आणि लुईलिए यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाचा दूरध्वनी आला, तेव्हा स्वीडनमधील लुंड विद्यापीठात लुईलिए वर्गात शिकवीत होत्या. मधल्या सुटीत त्यांनी वार्ता ऐकली आणि परत जाऊन उरलेला तास पूर्ण केला.

भारतीय प्रयोगशाळांतील प्रखर प्रकाश

या काळात भारतीय प्रयोगशाळा प्रेक्षकाच्या भूमिकेत नव्हत्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथुर, जी. रवींद्रकुमार, एम. कृष्णमूर्ती आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रखर लेसरपुढे अणू, रेणू, अणुपुंज आणि घन पदार्थ कसे वागतात याचा सातत्याने अभ्यास केला. हजारो अणूंचा पुंज लेसरच्या झोतात आला, की त्यातील इलेक्ट्रॉन क्षणात निघून जातात. मागे उरलेले धनभारित अणू एकमेकांना प्रतिकर्षित करतात आणि पुंजाचा स्फोट होतो. २००२ मध्ये या संस्थेत लेसरने निर्माण केलेल्या प्लाझ्मातील प्रचंड, परंतु क्षणजीवी चुंबकीय क्षेत्रांचे मापन झाले. २०१३ मध्ये कृष्णमूर्ती यांच्या गटाने अणुपुंजांच्या स्फोटातून दहा लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या पल्ल्यातील विद्युतभाररहित अणू मिळविले. ज्या अणूवर भारच नाही, त्याला विद्युतबलाने वेग कसा देणार, हा पेच त्यांनी चातुर्याने सोडविला. अणूला आधी भारित अवस्थेत वेग द्यायचा आणि मग वाटेतच त्याचे इलेक्ट्रॉन त्याला परत मिळू द्यायचे, ही त्यातील मर्माची गोष्ट होती. काचेवर सूक्ष्मजीवांचा थर देऊन त्यावर लेसर सोडल्यास क्ष-किरणांचे उत्सर्जन अनेक पटींनी वाढते, हेही याच संस्थेत दिसून आले. रवींद्रकुमार यांना २०१५ चे इन्फोसिस पारितोषिक या क्षेत्रातील कार्यासाठीच मिळाले.

इंदूर येथे पी. डी. गुप्ता, पी. ए. नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसर-प्लाझ्मा संशोधनाची परंपरा दृढ केली. तेथे प्रथम १० टेरावॅट आणि नंतर १५० टेरावॅट शक्तीचे लेसर वापरात आले. घन पदार्थापासून निघालेल्या प्लाझ्माच्या फवाऱ्यातून उच्च उपस्वर मिळविणे, लेसरने उठविलेल्या प्लाझ्मालहरींवर इलेक्ट्रॉनांना स्वार करून त्यांना अल्प अंतरात प्रचंड वेग देणे, असे प्रयोग तेथे झाले. ज्या प्रदेशात कधी काळी विज्ञानाच्या पदवीसाठी घर सोडावे लागे, त्याच प्रदेशात आज अणूला कलंडविणारा प्रकाश घडतो, ही ऐतिहासिक दृष्ट्या लहान बाब नाही.

या संशोधनाचा लाभ प्रयोगशाळेपुरता मर्यादित राहिलेला नाही. फेमटोसेकंद लेसर आज डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत वापरले जातात; स्पंद इतका आखूड असतो, की आजूबाजूच्या भागाला उष्णता पोहोचण्यापूर्वीच छेद पूर्ण झालेला असतो. हीरक महोत्सवाच्या प्रसंगी हिऱ्याचाही उल्लेख उचित ठरेल. हिरा हा सर्वांत कठीण नैसर्गिक पदार्थ. परंतु १९६० च्या दशकापासून त्यालाही लेसरने भोके पाडता येऊ लागली आणि आज सुरतेच्या कारखान्यांत लेसरनेच हिरे कापले जातात.

इतिहासाचा अर्थ

या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. १९०१ पासून २०२३ पर्यंत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक केवळ पाच महिलांना मिळाले. त्यांपैकी तिघींची नावे, गॉपर्ट-मेयर, स्ट्रिकलँड आणि लुईलिए, प्रखर प्रकाश आणि अणू यांच्या या एकाच कथेत येतात. पहिलीला अनेक वर्षे वेतन मिळाले नाही. दुसरीने विद्यार्थिदशेत सोडविलेले कोडे तेहतीस वर्षांनी गौरविले गेले. तिसरीने गौरवाच्या दिवशीही वर्ग सोडला नाही. इंदूरच्या कन्येला बंगळूरच्या दारात सत्याग्रह करावा लागला, ही घटनाही त्याच साखळीतील आहे. ज्या समाजाने आपल्या निम्म्या बुद्धीला दाराबाहेर थांबविले, त्या समाजाचे किती शोध उशिरा लागले असतील आणि किती लागलेच नसतील, याचा हिशेब कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही.

दुसरी गोष्ट स्थानाविषयीची आहे. पनागरसारख्या गावातील, मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलामुलींना उच्च विज्ञान हे दूरच्या महानगरांचे आणि परक्या भाषेचे क्षेत्र वाटण्याचा संभव असतो. सागरपासून इंदूरपर्यंतचा हा इतिहास त्या समजुतीला उत्तर देतो. जबलपूरहून सागर दोनशे किलोमीटरच्या आत आहे आणि इंदूर एका रात्रीच्या प्रवासावर. इंदूरच्या केंद्रात राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा पाहण्याची संधीही मिळत आली आहे. भाषेबाबतही तसेच म्हणता येईल. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगण्याचे कार्य करीत आहे. सुरंग, घागर, उपस्वर, स्पंद हे शब्द अणूचे वर्तन समजून घेण्यास अपुरे पडत नाहीत. अपुरी पडते ती बहुधा आपली सवय. मातृभाषेत संकल्पना पक्की झालेल्या विद्यार्थ्याला पुढे इंग्रजी परिभाषा आत्मसात करणे जड जात नाही.

अणूवर प्रखर प्रकाश पडला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो कलंडतो, इलेक्ट्रॉन गमावतो, पुन्हा मिळवितो आणि त्या धडपडीत नवा प्रकाश बाहेर टाकतो. एकेकट्या फोटॉनला जे साधत नाही, ते एकाच तालावर आलेल्या सात फोटॉनांना साधते. शाळेच्या सहा दशकांच्या वाटचालीत देणगीदार, शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांनी एकत्र येऊन जे उभे केले, त्यामागेही हेच सूत्र आहे. येत्या काळात या वर्गांतून शिकलेली एखादी विद्यार्थिनी इंदूरच्या किंवा कुलाब्याच्या प्रयोगशाळेत उभी राहावी, आणि तिला दारात सत्याग्रह करावा लागू नये. शाळेच्या पुढील दशकांकडून एवढी अपेक्षा ठेवणे रास्तच ठरेल.